कितवी ओळ, कितवं झाड?

सोलापूर जिल्ह्यातल्या डाळिंबवाल्याच्या फोनमध्ये एक फोटो हमखास असतो. तळहातावर डाळिंब, त्यावर तेलकट काळपट डाग, कडेला मातीनं भरलेलं अंगठ्याचं नख आणि खाली दोनच शब्द : 'काय मारू?' हा फोटो कृषी सेवा केंद्राच्या मालकाला जातो, औषध कंपनीच्या पोराला जातो, मेहुण्याला जातो, शिवाय पाच-सहा ग्रुपांवर जातो. धडाधड उत्तरं येतात. कुणी स्ट्रेप्टो सांगतो, कुणी कॉपर, कुणी दोन्ही मिसळून, कुणी नुसतेच हात जोडतो. एका माणसाकडून मात्र उलट प्रश्न येतो : 'कितवी ओळ, कितवं झाड?'

ते तात्या.

तात्या एका कृषी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले. घर पंढरपूरच्या बाजूला आहे, पण माणूस सापडतो तो दुसऱ्याच्या बागेत. खांद्याला शबनम. तिच्यात आलेखाच्या कागदांची वही, तांबडं-हिरवं-निळं पेन, दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोजायची टेप आणि क्लोरीनच्या पाण्याची बाटली. कुठल्याही बागेत पाऊल टाकण्याआधी ते चपला या पाण्यानं धुतात, बाहेर पडताना पुन्हा धुतात. त्यामुळं त्यांच्या सगळ्या चपलांचे अंगठे पांढरे पडलेत. काकू म्हणतात, "लोकांच्या नवऱ्यांना अत्तराचा वास येतो, आमच्या ह्यांना पोहायच्या तलावाचा."

'किती' हा शब्द तात्यांना सोसत नाही. "सर, दहा टक्के तेल्या आहे," असं कुणी म्हणालं की त्यांचा चेहरा उतरतो. "दहा टक्के कुठं? बागभर शिंपडलाय, का एका कोपऱ्यात साठलाय? सरासरी दोन्हीची दहाच येते. कोपऱ्यात असेल तर कोपरा तोडून बाग वाचवू. बागभर असेल तर रोपं कुठनं आणली ते आधी सांगा." समोरचा शेतकरी मन लावून ऐकतो, मान डोलावतो आणि नम्रपणे म्हणतो, "बरोबर आहे सर. पण मारू काय?"

तेल्या हा जिवाणूचा रोग. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ सालची, दिल्लीची. महाराष्ट्रात त्यानं खरा हैदोस घातला तो २००३च्या सुमारास आणि त्यानंतर. पानावर, फांदीवर, फळावर डाग येतात, मग फळ इंग्रजी एल नाहीतर वाय अक्षरासारखं तडकतं आणि व्यापारी बांधावरूनच गाडी वळवतो. पावसाळ्यात, म्हणजे मृग बहाराला, याचा जोर जास्त. हे सगळं पट्ट्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तात्यांचं म्हणणं पुढं सुरू होतं. जिवाणूला पाय नाहीत, त्यामुळं तो आला म्हणजे कुणीतरी आणला, आणि कुणी आणला ते ठिपक्यांवरून ओळखता येतं. गुटी कलमातून आला असेल तर लागणीपासूनच बागभर विखुरलेला दिसेल. वाऱ्या-पावसाच्या थेंबांबरोबर शेजारून आला असेल तर बांधाकडं दाट आणि आत विरळ होत जाईल. छाटणीच्या कात्रीवरून आला असेल तर ओळ धरून चालेल. मर रोगाची तऱ्हा निराळी. जमिनीतली बुरशी मुळाला मूळ लागून शेजारच्या झाडात शिरते, त्यामुळं एक झाड वाळलं की त्याच्या आजूबाजूची वाळतात आणि बागेला टक्कल पडत जातं. हे सांगताना तात्यांचा हात नकळत स्वतःच्या डोक्यावर जातो. तिथला रोग मात्र मध्यातून सुरू होऊन कडेकडं गेलेला आहे.

आमच्या दादाच्या बागेत ते पहिल्यांदा आले तेव्हा वहिनी घाबरल्या होत्या. कारण तात्या बागेतून सरळ चालत नाहीत. ते डब्ल्यू अक्षर काढत चालतात, म्हणजे बांधाची, विहिरीकडची, मधली, रस्त्याकडची अशी सगळीकडची झाडं वाट्याला येतात. भर दुपारी एक वयस्क माणूस तिरका जातो, थांबतो, झाडाशी बोलतो, पुन्हा तिरका परत येतो. वहिनींनी दादाला बाजूला घेऊन विचारलं, "सर घेतात का हो?" दादानं सांगितलं, "घेतात. नमुने."

शेतकऱ्यानं दाखवलेल्या झाडावर तात्यांचा विश्वास नसतो. मालक पाहुण्याला थेट सगळ्यात वाईट झाडापाशी नेतो आणि विमेवाला आला तर आणखी वाईट झाडापाशी. उलट रस्त्यावरून पाहणी करणाऱ्याला सगळ्यात चांगली ओळ दिसते, कारण रस्त्याकडची ओळ प्रत्येकजण जपतो. या विषयावर तात्यांना छेडू नये. छेडलं तर गाडी थेट १९४०च्या दशकात जाते. पिकाचा अंदाज बांधायला शेतात केवढा तुकडा कापावा यावरून प्रशांतचंद्र महालनोबिस आणि पां. वा. सुखात्मे यांची जुंपली होती. महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा लहान असला की कापणाऱ्याचा हात रेषेवरचं ताट आत ओढतो आणि पीक आहे त्याहून जास्त दिसतं. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे आणि तात्यांचं आजोळ त्याच बाजूचं. त्यामुळं या वादात तटस्थ राहणं त्यांना कधी जमलेलं नाही. महालनोबिसांचं नाव ते आदरानंच घेतात, पण 'तसे मोठेच होते' असं. पानसे आणि सुखात्मे यांचं १९५४ सालचं शेतीच्या संख्याशास्त्राचं इंग्रजी पुस्तक त्यांच्या घरी देवघराच्या बरोबर वरच्या फळीवर असतं. खाली देव आहेत याचा त्यांना कधीमधी विसर पडतो.

तात्यांचा खरा विजय चिंचोक्यांचा.

दादाच्या एका ओळीत चाळीस झाडं. एका पावसाळ्यात त्यातल्या आठांना तेल्या लागलेला निघाला आणि त्या आठांत लागून लागून असलेल्या जोड्या भरल्या पाच. दादा म्हणाला, "आठ झाडं आहेत तात्या, कुठंतरी शेजारी येणारच की." तात्यांचे डोळे लकाकले. या वाक्याची ते आयुष्यभर वाट बघत असतात. "येणारच. पण नुसत्या योगायोगानं किती जोड्या येतील?" (हा एवढा एक 'किती' त्यांना चालतो.) दक्षिण आफ्रिकेच्या व्हान डर प्लांक या रोगशास्त्रज्ञानं १९४०च्या दशकातच याचा हिशेब मांडून ठेवला होता. रोगट झाडांच्या आकड्याला त्याहून एकानं कमी आकड्यानं गुणायचं आणि ओळीतल्या एकूण झाडांनी भागायचं. आठ साते छप्पन्न, भागिले चाळीस, म्हणजे एक पूर्णांक चार. नशिबानंच वाटप केलं असतं तर एखाद-दुसरी जोडी पडली असती. इथं पाच आहेत.

दादाला काही पटेना. छप्पन्न भागिले चाळीस करून आजवर कुणाचं मन वळलंय? तेव्हा तात्यांनी वहिनींकडून चाळीस चिंचोके मागून घेतले. पुतणीच्या नेलपॉलिशनं आठ रंगवले. सगळे कापडी पिशवीत घालून खुळखुळवले आणि घरातल्या पोरांना पडवीत बसवलं. पिशवीत न बघता एकेक चिंचोका काढायचा, ओळीनं मांडायचा, शेजारी-शेजारी लाल आलेल्या जोड्या मोजून वहीत लिहायच्या आणि पुन्हा पिशवीत भरायचे. दर दहा डावांना एक लिमलेटची गोळी. संध्याकाळपर्यंत शंभरेक डाव झाले. बहुतेकदा जोडी एक नाहीतर दोन, काही वेळा एकही नाही, अधूनमधून तीन. चार आल्या तेव्हा धाकट्यानं आरोळी ठोकली. पाच एकदाही आल्या नाहीत. मोठ्या पुतण्यानं गोळीच्या आशेनं पाच मांडून बघितल्या, पण त्याची चोरी तात्यांनी लांबूनच पकडली. म्हणाले, "एवढं सुबक नशीब नसतं रे."

दादा बराच वेळ त्या पानाकडं बघत राहिला. मग त्यानं छाटणीच्या मुकादमाला फोन लावला. त्या ओळींवर जी जोडी होती ती आदल्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या प्लॉटवर छाटणी करून आलेली निघाली. कात्र्या धुतल्या होत्या का? "धुतल्या की," मुकादम म्हणाला, "तुमच्याच विहिरीत." तात्यांनी वहीत त्या ओळीपुढं लिहिलं, 'संशय. सिद्ध नाही.' गावानं मात्र ते रात्रीपर्यंत सिद्ध करून टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्या बिचाऱ्या दोघांना पाहिलं की पोरं ओरडू लागली, 'पाच जोड्या, पाच जोड्या.'

हा माणूस लग्नाला बोलवावा की नाही, हा आमच्याकडं दर उन्हाळ्यात निघणारा विषय आहे. ऑस्ट्रेलियाच्या पॅट्रिक मोरान यांनी १९५० साली एक आकडा सुचवला. शेजारी शेजाऱ्यासारखा असेल तर तो आकडा धन येतो, कशाचा कशाला मेळ नसेल तर शून्याच्या आसपास राहतो, आणि बुद्धिबळाच्या पटातल्या घरांप्रमाणं आलटूनपालटून मांडणी असेल तर ऋण होतो. कॉलेजात पोरांना हे समजायचं नाही, म्हणून तात्या पंगतीत शिकवायला लागले आणि आता ती खोड जात नाही. पत्रावळीवर मीठ पडायच्या आत त्यांची नजर फिरून आलेली असते. "ती भावकी बघा, एका ओळीत, सलग. धन. आता तिकडं बघा. बांधाच्या दाव्यातले दोघे सख्खे भाऊ, मधे चार परकी माणसं. ऋण." एका लग्नानंतर पाहुण्यांची पोटं बिघडली तेव्हा तात्यांनी दोन दिवस फोनवर फोन केले : कितव्या पंगतीला बसला होता, आणि वाढप कुठल्या टोकाकडून सुरू झालं? नकाशा सुरेख आला. बोट मठ्ठ्याच्या दुसऱ्या पिंपाकडं जात होतं. ते पिंप नवऱ्या मुलाच्या मामांनी भरलं होतं. त्या घराशी आमचं बोलणं आता आता सुरू झालंय.

सहलीलाही तीच कथा. महाबळेश्वरला सगळे स्ट्रॉबेरी खायला गेले आणि तात्या गहू गेरवा संशोधन केंद्राचा रस्ता विचारत फिरले. गव्हाचा तांबेरा मैदानी उन्हाळ्यात टिकत नाही, तो डोंगरातल्या थंडीत जीव धरून राहतो आणि दर हंगामाला वाऱ्यावरून नव्यानं खाली उतरतो, हे आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी शोधलं. त्यांचं नाव निघालं की तात्या हळवे होतात. "मेहतांना बाग केवढी मिळाली बघा. निलगिरीपासून हिमालयापर्यंत!" आपल्या वाट्याला एकरी तीनशे झाडांची बाग आली, याची थोडी असूया त्यांना आहे. सोन्याच्या खाणीतलं तंत्र डाळिंबाला लावल्याचा अभिमानही आहे. डॅनी क्रीग या खाण अभियंत्यानं १९५१ साली जोहान्सबर्गच्या बाजूच्या खाणींत थोड्याशा नमुन्यांवरून मधल्या जागेतलं सोनं अजमावण्याची रीत काढली. तात्या त्याच वाटेनं दोन झाडांतलं अंतर वाढेल तसतसं त्यांच्या रोगातलं साम्य कसं कमी होतं, याचा आलेख काढतात. ते साम्य जिथं संपतं तिथपर्यंत झाडं बारकाईनं तपासायची. काकूंचं यावर एकच म्हणणं. "सोन्याच्या खाणीतनं शास्त्र तेवढं आणलं."

एका वर्षी तात्यांनी सगळ्या शिवाराचाच नकाशा केला. बागवाल्यांनी ओळी-झाडं कळवली, तात्यांनी आठवडाभर ठिपके दिले आणि तो भला मोठा कागद सोसायटीच्या कचेरीत भिंतीला लावला. नावं नव्हती, नुसते प्लॉटचे आकडे. पण गावाला स्वतःचं शिवार डोळे मिटून पाठ असतं. ओढ्याकाठच्या एका चौकोनात तांबडं मिट्ट होतं आणि तिथून पूर्वेकडं विरळ होत गेलं होतं. तो चौकोन गावातल्या एका मोठ्या प्रस्थाचा. पोरं पुण्याला, बाग सोडून दिलेली, तडकलेली फळं झाडाखाली तशीच कुजत पडलेली. प्रस्थ कचेरीत आलं, नकाशासमोर उभं राहिलं आणि एवढंच बोललं, "तात्या, तुमचा तांबडा पेन लई चालतो." दुसऱ्या दिवशी भिंतीवर नुसते चार खिळे होते.

त्यानंतर आकडे येणंच आटलं. ज्याच्या बागेत फोटो काढायला जागा पुरत नव्हती तोही 'काही नाही सर, एखादं फळ' म्हणू लागला. आणि त्यात लोकांचं चुकलं असं मला वाटत नाही. ठिपका कागदावर आला की तो व्यापाऱ्याला दिसतो, कर्ज देणाऱ्याला दिसतो, शेजाऱ्याला दिसतो, आणि पुढच्या वर्षी शेजारी त्याच ठिपक्यावरून भांडायला येतो. हे तात्यांच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पण माणूस जिद्दीचा. त्यांनी त्या प्रस्थाच्या घरी जायला सुरुवात केली. नकाशाचं नाव काढलं नाही. चहा घेतला, गुडघ्यांची चौकशी केली, पोरांच्या पगाराच्या गोष्टी ऐकल्या. उन्हाळ्यात एक दिवस प्रस्थच म्हणालं, "माझ्यानं आता ती बाग होत नाही." मग आठ-दहा बागवाले दोन ट्रॅक्टर घेऊन गेले, झाडं उपटली, पालापाचोळा गोळा करून जाळला. प्रस्थ बांधावर खुर्ची टाकून बसलेलं. धूर निवळल्यावर म्हणालं, "तात्या, आता माझा चौकोन हिरवा करा."

"उपटलेल्या बागेला पांढरा असतो," तात्या म्हणाले.

एवढ्या महिन्यांचा चहा त्या एका वाक्यात वाया जायचा. पण प्रस्थ हसलं.

अलीकडं तात्यांचा भाचा पुण्याहून येतो. संगणक शिकलेला पोरगा. झाडापाशी उभं राहून फोनवर टिचकी मारली की ठिपका आपोआप नकाशात पडतो आणि तात्यांना आठवडा लागायचा ते घटकाभरात होतं. तात्या पहिल्या दिवशी गप्प गप्प होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पडद्यावर नीट पाहिलं. फोनची जागा चार-पाच मीटर इकडंतिकडं होते. दादाच्या ओळी साडेचार मीटरवर, ओळीतली झाडं तीन मीटरवर. त्यामुळं बरीच झाडं शेजारच्या ओळीत गेली होती, दोन विहिरीत उतरली होती आणि एक वहिनींच्या न्हाणीघरात उगवलं होतं. तात्या इतके खूश मी चिंचोक्यांनंतर पाहिले नव्हते. "अरे, न्हाणीघरातल्या झाडाला मारू काय?" ते भाच्याला दिवसभर विचारत होते. शेवटी तह झाला. गणित भाच्यानं करायचं, झाडाचा पत्ता तात्यांनी द्यायचा. त्यासाठी त्यांनी पांढऱ्या रंगाचा डबा आणला आणि दादाच्या बागेतल्या प्रत्येक खोडावर ओळ आणि झाडाचा आकडा रंगवला. दादा नको म्हणत होता. पण चिंचोक्यांपासून तो तात्यांना नाही म्हणायचा ते तोंडातल्या तोंडात म्हणतो.

तोडणीच्या आधी व्यापारी आला. सौदा उक्ता ठरायचा होता, सगळी बाग एका भावात. व्यापारी दोन ओळी फिरला आणि खोडांकडं बघून थबकला.

"दादा, झाडांना नंबर कशाला? चोरीला जातात का?"

"पाण्याच्या पाळीसाठी," दादा म्हणाला. वहिनींनी मान डोलावली. मीही डोलावली.

तात्या चिकूच्या सावलीला बसले होते. त्यांच्यानं राहवलं नाही. "पाण्याचा काय संबंध?" म्हणत ते उठले, शबनममधून वही काढली आणि ओट्यावर पसरली. "हे बघा. ही सातवी ओळ, ही आठवी, इथं जरा आहे. ह्या बांधाकडं थोडं. बाकी ही सगळी बाग बघा, स्वच्छ. सलग."

व्यापाऱ्यानं चष्मा चढवला. सबंध हयातीत त्यानं फळ हातात फिरवून भाव केला होता, कागदावर बाग पाहिली नव्हती. तो वाकून एकेका ठिपक्यावर बोट ठेवत गेला. "आणि हे असंच का?" "इथनं आत काही नाही?" "मधे हे एकटंच कसं?" असले प्रश्न तात्यांना वर्गात कुणी विचारले नव्हते. त्यांचा आवाज चढू लागला, हात हलू लागले, चिंचोके निघाले, व्हान डर प्लांक निघाले. दादा दोनदा खोकला. वहिनी चहाचे कप घेऊन मधे उभ्या राहिल्या, की नकाशा तरी झाकला जावा.

"म्हणजे सात-आठ नंबर आणि ही बांधाची कड सोडून बाकीचा माल घेतला तर..." व्यापारी स्वतःशीच पुटपुटला. मग त्यानं वहीची पुढची पानं चाळली. "तात्या, पलीकडच्या चार प्लॉटांचे पण आहेत की हो. ह्याची झेरॉक्स मिळेल का?"

तात्या शबनममध्ये हात घालून स्वच्छ कागद शोधायला लागले.

"तात्या," दादा म्हणाला, "चहा निवतोय."